बशी वाजता कामा नये

आमच्या घरी मुलाखतीची तयारी सकाळी सातला सुरू होई. बोरगाव मेघेतल्या घराच्या पुढच्या खोलीत वडील टेबलामागे बसत, भाऊ दाराबाहेर उभा राही. आत येऊ का, हे विचारताना त्याचा आवाज पडला की त्याला जवळ बोलावले जाई आणि टेबलावरचा रूळ त्याच्या बोटांच्या पेरांवर बसे. रेघा मारायचा हा गोल लाकडी रूळ वडिलांनी निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून आणला होता.

वडील एका सरकारी कचेरीत शिपाई होते. मुलाखती असत तेव्हा चहा आत नेण्याचे काम त्यांचे. उमेदवारापुढे कप ठेवायला लागतो तेवढाच वेळ ते खोलीत असत. खुर्ची ओढताना आवाज करणारे, साहेब बोलत असताना खिडकीबाहेर बघणारे, घोट गिळून मग उत्तर देणारे, सगळे बाद झालेले त्यांनी तेवढ्या वेळात पाहिले होते. ज्याच्या हातात बशी वाजली तो गेला, हे त्यांचे ठाम मत. भावाने एकदा मुलाखतीतल्या दहा चुकांचा व्हिडिओ लावला. वडिलांनी मोबाइल भिंतीवर फेकला. "त्यानं कधी आत चहा नेला का?" एवढेच ते म्हणाले. काच फुटली होती.

आई ट्रे घेऊन येई. भावाने कप उचलायचा, बशी वाजली की रूळ. सुजलेल्या बोटांत बशी जास्तच वाजे, त्याबद्दल पुन्हा रूळ. तोंडातून 'मले' निघाले की थोबाडीत. साहेबापुढे 'मला' म्हणायचे, मले-तुले घरी. एका सकाळी भाऊ तिसऱ्यांदा खाली बघून बोलला, तेव्हा रूळ भुवईवर बसला. रक्त शर्टाच्या कॉलरपर्यंत आले. आईने हळद दाबली. वडिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"माराशिवाय ध्यानात राह्यत नाई," ते आईला म्हणाले.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. मारहाणीच्या बातम्या माझ्याकडे असत. आमच्या पुढच्या खोलीत मी कधी मध्ये पडलो नाही.

भावाच्या दोन मुलाखती वाया गेल्या होत्या. तिसरी जाम गावाजवळच्या एका कारखान्यात होती, सुपरवायझरच्या जागेसाठी. निघताना वडील म्हणाले, या खेपेला नाई झालं तं घरी येऊ नको. मी त्याला मोटरसायकलवर नेले आणि मॅनेजरच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. आतले दिसत होते, ऐकूही येत होते.

भाऊ विचारून आत गेला. सांगितल्यावर बसला. खुर्ची वाजली नाही. मशीन बंद पडले तर आधी काय तपासाल, शिफ्ट कशी लावाल, याची उत्तरे त्याने मॅनेजरच्या डोळ्यांत बघून दिली. चहा आला. त्याने कप उचलला आणि ठेवला, बशी वाजली नाही. मॅनेजर मान डोलावत होता.

मग त्याने विचारले, हाताखालचा कामगार तीच चूक पुन्हा पुन्हा करतोय, तर काय कराल?

"कानाखाली देईन, सर," भाऊ म्हणाला. आवाज पडला नव्हता. "एकदा बसली की लक्षात राहते."

मॅनेजरने पेन खाली ठेवले. भुवईला काय झाले, असे विचारले.

"तयारी करताना लागलं, सर."

कळवतो, असे मॅनेजर म्हणाला.

आम्ही घरी परतलो. वडील टेबलामागेच बसले होते. त्यांनी आधी बशीचे विचारले. नाही वाजली, असे ऐकून त्यांनी पाठ खुर्चीला टेकली. मग शेवटचा प्रश्न काय होता ते विचारले. भावाने सांगितला. ते क्षणभरही थांबले नाहीत.

"समजावून सांगीन, म्हणाचं. कामावर कोणाच्या अंगाले हात लावता येत नाई. तू काय म्हणला?"

भावाने जे म्हटले होते ते सांगितले. वडील उठले. पहिला रूळ खांद्यावर बसला, दुसरा भुवईवर, जुन्याच जागी. तिसरा बसला नाही. भावाने त्यांचे मनगट धरले आणि टेबलाच्या कडेवर आपटले. लाकूड मोडावे तसा आवाज झाला, पण रूळ अख्खाच खाली पडला. मी दोन पावलांवर उभा होतो.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने कसे झाले ते विचारले. वडील स्टुलावरून उठले, ताठ उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"न्हाणीत घसरलो, सर. मला कोणी काही केलं नाही."

डॉक्टरने भावाच्या भुवईकडे पाहिले. केसपेपरवर त्याने 'घसरून पडले' असे लिहिले.

प्लास्टर निघाले त्या आठवड्यात हिंगणघाटला दुसऱ्या कारखान्यात मुलाखत झाली. सुपरवायझरच्या जागेला तो प्रश्न बहुधा विचारतातच, तिथेही विचारला. भाऊ म्हणाला, समजावून सांगीन, सर. नोकरी मिळाली.

घरी आल्यावर वडिलांनी बशीचे विचारले. डावा हात ते अजून उजव्या मनगटावर ठेवून बसत. भाऊ म्हणाला, तिथे चहा दिलाच नाही.