पाझरणारा टाका

नळ गळो, टाकी वाहो, की वरच्या मजल्यावरची ओल खालच्याच्या भिंतीत उतरो, मामांचं निदान ठरलेलं असायचं : "वायसर गेलाय." बरेचदा ते खरंही निघायचं. त्यामुळे आसपासच्या सगळ्या इमारतींत त्यांना वायसरमामा म्हणत आणि त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. माणूस कामाला चोख, पण तोंडाचा फटकळ. ओल आलेल्या भिंतीला कुणी नुसता रंग फासून ठेवला असेल, तर मामा पान्हा पिशवीत परत टाकायचे आणि घरमालकाला उभा-आडवा घ्यायचे. "पाण्याचं तोंड दाबलंत म्हणून पाणी जातं होय? ते दुसरी वाट काढतं. आता फोडा भिंत!"

अशा माणसाच्या पोटात एक दिवस आतड्यालाच पीळ पडला. एका खानावळीच्या मोरीखाली आडवे पडून ते काम करत होते, तिथून त्यांना उठताच येईना. चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट मधोमध उघडलं, पीळ सोडवला, काळा पडलेला आतड्याचा तुकडा कापून टाकला आणि सगळं परत शिवलं. शुद्धीवर आल्याआल्या मामांनी विचारलं, "जोड कुठं दिलाय?" डॉक्टर हसले. मामा मात्र हसले नाहीत, कारण त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. त्यांचीही पोटाचीच शस्त्रक्रिया. घरी जाऊन जखम बिघडली म्हणून परत आलेले. एका दुपारी त्यांना पुन्हा आत नेलं. जाताना मास्तर मामांना म्हणाले, "माझा चष्मा सांभाळा हं जरा." संध्याकाळी मास्तरांची सून आली आणि काही न बोलता चष्मा घेऊन गेली. खाटेवर नवी चादर आली, चादरीवर नवा माणूस आला. मामांची पाचावर धारण बसली. इथून एकदा सुटलो की परत या दारात पाऊल ठेवायचं नाही, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

सुट्टी देताना सिस्टरने सगळं नीट समजावलं होतं. जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. जखम कोरडी ठेवा. खोकला आला तर पोटाशी उशी धरा. वजन उचलू नका. आणि जखम लाल झाली, गरम लागली, वास आला, पाणी किंवा पू आला, ताप भरला, तर त्याच दिवशी इकडे या. मामी जिवाचा कान करून ऐकत होत्या. मामांनी फक्त 'वजन उचलू नका' एवढंच ऐकलं असावं, कारण घरी पोचल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर मामींना बादली उचलायला सांगितली.

पण पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा गंमत संपली. मामी म्हणजे घरातलं वाघासारखं माणूस. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करायच्या, गिऱ्हाइकांशी भांडायच्या, पण रक्ताचं वावडं. स्वतःचं बोट कापलं तरी दुसरीकडे बघून धुवायच्या. त्यांनी हात धुतले, पट्टी सोडली, टाक्यांची ती काळी रांग बघितली आणि वाटी हातात धरून हळूहळू खाली बसल्या. चेहरा पांढराफटक.

"राहू दे गं," मामा म्हणाले. "आपला हात जगन्नाथ. मी करतो."

"तुम्हाला दिसेल तरी का?"

प्रश्न रास्त होता. मामांचं पोट चांगलं सुटलेलं, स्वतःचे गुडघेही त्यांना अंदाजानेच ठाऊक. मग दाढीचा आरसा आला. पाठीशी उशा, मांड्यांवर टेकवलेला आरसा, त्यात उलटीपालटी जखम. हात डावीकडे न्यावा तर आरशात भलतीकडेच जाई. तरी जमलं. आयुष्यभर मोऱ्यांखाली आणि टाक्यांमागे न दिसणारे सांधे चाचपून बसवलेला माणूस तो. मामींना सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याची लाजही वाटली. पट्टीची वेळ झाली की त्या स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावायच्या.

मग एका सकाळी पट्टी ओली निघाली.

सगळ्यात खालच्या टाक्यापाशी लालसर, पिवळट पाणी होतं. मामांनी बोट पुसलं आणि विचार केला. आता इथे डॉक्टरकडे जायचं की नाही, हे तुम्ही-आम्ही सिस्टरचे शब्द आठवून ठरवू. मामांनी ते नळाच्या हिशोबाने ठरवलं. नवा सांधा बसवला की एखादवेळी पाझरतो. त्याच्या मागे लागून पिळत बसलं तर आटे झिजतात. सोडून दिलं तर पाण्यातला क्षार साचतो आणि सांधा आपोआप धरतो. हे त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं. मग पोटाचा सांधा का धरणार नाही?

तो धरला नाही. पाझर वाढला. पट्टी भिजून गंजीला डाग पडू लागले आणि गंजी तर मामी धुणार. त्यांनी डाग बघितला की सरळ दवाखाना. मामांच्या डोळ्यांपुढे तो चष्मा आला. त्यांनी कामाची पिशवी पायाने जवळ ओढली, ओल्या पाइपावर तात्पुरती मारायची ती काळी रबरी चिकटपट्टी काढली, कापसावरून ताणून ताणून गच्च बसवली आणि वरून स्वच्छ पट्टी लावली. एक थेंब बाहेर येईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ज्या कामासाठी दुसऱ्यांच्या भिंती फोडायला लावल्या, तेच काम मामांनी स्वतःच्या पोटावर केलं, आणि करताना त्यांना ते कळतही होतं. कळूनही दुसरं काही सुचेना. भीती माणसाला अशी अडाणी करते.

लेकीचा फोन आला. "बाबा, जखम कशी आहे?"

"कोरडीठाक!" मामा म्हणाले. वरून बघितलं तर ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोटात ठणका सुरू झाला. अंगावर काटा येई, मग घाम फुटे. मऊ भात समोर आला की तोंड फिरे. मामींनी कपाळाला हात लावला तर म्हणाले, पांघरुणाची ऊब आहे. सांगताही येईना आणि सोसवेही ना. दुपारभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि मामी कामावर गेल्या तेव्हा घरात कुणी नाही म्हणून जरा रडूनही घेतलं.

मामी परत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "कसला वास येतोय?"

"मोरीचा असेल. वायस—"

"अहो, मोरी मी सकाळीच घासलीये." त्यांनी पिशवी खाली टाकली, जवळ आल्या आणि कुणाची परवानगी न घेता गंजी वर केली. काळ्या पट्टीच्या भोवती पोट लालबुंद आणि तकतकीत झालं होतं. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम.

"हे काय लावलंत?"

मामांनी गंजी खाली ओढायला हात नेला.

"माझ्यापासून लपवलंत?"

"तुला चक्कर येते गं."

"येऊ दे की!" मामी ओरडल्या. "चक्कर आली असती, पडले असते, परत उठले असते. तुम्ही उठणार होतात का?"

रिक्षात मामा पोटाशी उशी धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव कंठाशी येई, पण तोंडातून ब्र निघाला नाही. दवाखान्याच्या दारात मात्र त्यांनी मामींचा पदर धरला. मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, पण पदर सोडेना.

सिस्टरने चिकटपट्टी सोलली तेव्हा खालचं सगळं भसकन बाहेर आलं. "अहो काका, तोंड बंद केलंत तर आतलं जाणार कुठं?" ती म्हणाली. हे वाक्य मामांनी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की आता मान वर करून तिच्याकडे बघायची त्यांना सोय राहिली नाही. डॉक्टरांनी खालचे टाके काढले, जखम धुतली आणि ती तशीच उघडी ठेवली. "हे आता शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा आत साचेल. रोज धुऊन पट्टी भरायची, तळापासून मांस भरत यायला हवं."

"किती दिवस लागतील?" मामींनी विचारलं.

"ते सांगता येत नाही. आणि यांना स्वतःला करू देऊ नका."

ताप उतरल्यावर मामांना घरी सोडलं, पण जखम तशीच उघडी होती. सोडण्याआधी सिस्टरने मामींचा हात धरून शिकवलं होतं : ओली पट्टी चिमट्याने सैलसर आत सोडायची, दाबून कोंबायची नाही, शेवट बाहेर ठेवायचा. शिकताना मामी दोनदा खुर्चीवर बसल्या होत्या. तिसऱ्यांदा बसल्या नाहीत.

घरी पहिल्या सकाळी मामींनी हातमोजे चढवले. "हात डोक्याखाली घ्या," त्या म्हणाल्या, "आणि तिथंच ठेवा. मध्ये आणायचे नाहीत." मामांनी ते हात, ज्यांनी अर्ध्या गावाचं पाणी वळवलं होतं, मुकाट्याने डोक्याखाली घातले. आरसा मागायची छाती झाली नाही. पोटाच्या चढापलीकडे त्यांना फक्त मामींचं कपाळ दिसत होतं, घामाने डवरलेलं, आणि वरखाली होणारा चिमटा. मामींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात अडकलेले, म्हणून त्या ते खांद्याला पुसत होत्या. मामांना उठून पुसता येत नव्हतं.

"सैल सोड," ते हळूच म्हणाले.

"सोडतेय."

गार पट्टी आत सरकत होती. दुखण्यापेक्षा ते सरकणंच जास्त कळत होतं. आता संपेल, आता संपेल म्हणत मामा वाट बघत राहिले. चिमटा वर यायचा, पुन्हा खाली जायचा.

"झालं का गं?"

मामींनी नाक ओढलं, वाकल्या, ताटलीतली पट्टी आणखी थोडी उचलली.

"अगं, किती खोल आहे?"

"अजून जातेय," मामी म्हणाल्या.