गुलाबी खूण

तिचं खरं नाव घरच्यांनीही वापरायचं सोडलं होतं. बोलणं मिरची वाटल्यासारखं, म्हणून सगळे तिला तिखटच म्हणायचे. नणंदेच्या नखांच्या दुकानात ती हातापायाची कामं करायची. भेगाळल्या टाचांची बाई तिच्याकडून निघाली, की चप्पल घालायला कचरायची, असं काम. हात चोख, तोंड फाटकं.

दुकानाची एक रीत होती. दर गिऱ्हाइकाला कातर आणि चिमटा बंद पाकिटातून निघायचा. वाफेच्या मशीनमध्ये पाकीट नीट तापलं, की त्यावरची गुलाबी खूण तपकिरी होते, तेव्हाच आतली हत्यारं वापरायची. मागच्या खोलीत नणंद पाकिटं भरायची आणि पुढं तिखट ती टर्रकन फाडायची. धरायची मात्र अशी, की खूण नेमकी मुठीत जायची. घरच्या माणसानं भरलेलं पाकीट कोण उलटंपालटं करून बघतं?

त्या दिवशी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. त्यांना साखरेचा आजार. गेल्या खेपेला नखाची कड काढताना तिखटकडून जरासं लागलं होतं. बाईंनी मोजा काढला, तर अंगठा टरारून फुगलेला, कडेला पू. एवढं टोचणारं नख काढ, म्हणाल्या.

तिखटनं पाकीट उचललं आणि कधी नव्हे ते उलटून पाहिलं. खूण गुलाबी. दुसरं पाहिलं, तेही गुलाबी. सगळा खण पालथा घातला. एकाही पाकिटानं वाफ पाहिली नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागं जाऊन बघते, तर नणंद नळाखाली साबणानं कातरी घासून, पुसून पाकिटात भरतेय. मशीनवर टॉवेलांची चळत. नणंदेनं आधी उडवून लावलं. मशीनला फार वेळ लागतो, बाया खोळंबतात, साबणानं धुतेच की मी. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गिऱ्हाइकाला पाकीट फाडल्याचा आवाज लागतो, वहिनी. बाकी कोण बघतंय?"

"तो आवाज मी काढत होते, वन्सं. बाईंच्या तोंडाकडं बघून, हसून."

तिनं खण उपसून पुढं आणला आणि भर दुकानात टेबलावर ओतला. गुलाबी म्हणजे काय, हे बसलेल्या प्रत्येकीला सांगितलं. दोघी तिथल्या तिथं उठल्या. तिसरीची अर्धी नखं व्हायची होती. ती म्हणाली, माझं उरक बाई, मला कुठं साखर आहे?

"साखर नसेल, रक्त तर आहे? तुमच्या आधीचीचं या कातरीला लागलंय."

नणंद दारात आडवी झाली. धंदा बुडवतेस, भावाला सांगते, म्हणाली. खुशाल सांगा, म्हणत तिखटनं बाईंना गाडीत घातलं आणि थेट डॉक्टर गाठला.

तिथं बाईंनी वेगळंच लावलं. घरीच ब्लेडनं नख कापलं, म्हणाल्या. साखर असून असला उद्योग केला, म्हणून डॉक्टर त्यांच्यावरच तापले. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. तिखटला ते बघवेना.

"खोटं बोलताहेत त्या. मी कापलं. दुकानात, न तापवलेल्या कातरीनं. ती कुणाकुणाच्या पायाला लागली असेल, तेही मला ठाऊक नाही."

बाईंनी तिचा पदर ओढला. तुझं काम जाईल गं, असं पुटपुटल्या. तिखट त्यांच्यावरही खेकसली. अंगठा जायची पाळी आली आणि तुम्हाला माझ्या कामाची पडलीय?

अंगठा वाचेल, पण चीर देऊन पू काढावा लागेल, म्हणत डॉक्टर हातमोजे चढवू लागले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. ताई रडतेय, आधी तिची माफी माग, म्हणाला.

"माफी मागायचीच आहे," तिखट म्हणाली. "गिऱ्हाइकांची. प्रत्येकीच्या दारात जाऊन. कोण कुठं राहते, ते तुझ्या ताईला विचारून ठेव."

फोन पर्समध्ये टाकून तिनं बाईंचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, चालू द्या.