सोजरामावशीचा पोळा

सोजरामावशीकडं बैल नव्हता, पण पोळा होता. लोणारजवळच्या आमच्या वस्तीत लोक बैल सजवायचे, तेव्हा ही विधवा बाई गोठ्याच्या भिंतीत बसवलेल्या माठाला हळद-कुंकू लावायची. माठाला बाहेरून बोटभर भोक, आत सातेरी माश्यांचं मोहोळ. लोक हसायचे. "हसा लेकहो! माह्या वाडीचे बैल हेच. हे फुलाफुलावर फिरतात, तवा कोहळं धरते." मध काढताना अर्धा माश्यांना सोडायची. मी सख्खी भाची, पण त्या अर्ध्याला मलाही बोट लावू द्यायची नाही.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. शेजारच्या भगवंतरावांनी हायब्रीड ज्वारी पेरली. ती फुलोऱ्यात आली अन् कणसांवर कीड पडली. माणूस भला. पोळा झाल्यावर स्वतः येऊन सांगून गेले, "मावशी, उद्यापासून पावडर मारून राह्यलो. तुह्या माश्या सांभाळ."

सांभाळ म्हणे! कशा सांभाळायच्या ते कोण सांगणार? दिवेलागणीला माश्या घरी परतल्या, तसं मावशीनं शेणमातीनं भोक पक्कं लिंपलं. दाण्याला कीड लागू नये म्हणून आम्ही कणगी लिंपतो, अगदी तसं.

दुसऱ्या दिवशी भादव्याचं ऊन तापलं. भिंतीला कान लावला तर आत नुसता गलका. मी म्हटलं, "मावशी, उघड वं, गुदमरतीन त्या."

ती खेकसली, "बाहेर जहर उडून राह्यलं, दिसत नाही काय तुले? आत हायेत तं जित्या हायेत."

पावडर मारून झाल्यावर तिनं माती खरवडली. मध भिंतीवरून ओघळला, पण माशी एकही बाहेर आली नाही. आत उकाड्यानं मेण वितळलेलं, अन् मधात भिजलेला मेल्या माश्यांचा ढीग. बाई मटकन खाली बसली. "मीच मारलं वं माय, मीच!" मला तिचा भयंकर राग आला होता, पण ते रडणं ऐकून मी तिच्याजवळ जाऊन बसले.

पुढच्या साली वेल फुलले, माशी मात्र फिरकली नाही. कोहळी लिंबाएवढी होऊन पिवळी पडायची अन् गळायची. मावशी सकाळीच उठून नर फूल मादी फुलाला टेकवत हिंडायची. एका बाईनं किती वेल पुरवावे? डोणगावच्या बाजारात तिची कोहळ्यांची पाटी दिसेनाशी झाली.

पोळ्याला तिनं रिकाम्या माठाला कुंकू लावलं. नैवेद्य ठेवला, तो मुंग्यांनी नेला. तेवढ्यात भगवंतराव कुंपणापाशी आले.

"मावशी, उद्यापासून पावडर मारतो."

"मार बावा," ती म्हणाली. "पण मले सांगाले येऊ नोको आता. झाकाले काही राह्यलं नाही."