घोळक्याला पुढारी लागत नाही

आमच्या चिखलीच्या कॉलेजात फिजिक्सला आम्ही दोघंच, गवई सर आणि मी. सरांना घोळक्यांचा नाद लागला आणि तेव्हापासून किस्से इतके साचलेत की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत. सरांचा प्रश्न एकच. मुंग्या असोत की पाखरं, पुढारी नसताना सगळे एका दिशेने कसे जातात?

*

सुरुवात कापरापासून झाली. पाण्यावर टाकलेले कापराचे तुकडे आपोआप पळतात. परातीत आधी नुसता गोंधळ, मग बघता बघता सगळे एकाच बाजूने गोल फिरायला लागले! सर दुकानातला होता नव्हता तेवढा कापूर घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "सर, घरी कायची पूजा हाये?"

"फिजिक्सची."

त्याने नारळही बांधून दिला.

*

मग टूथब्रशची डोकी कापून त्यांवर मोबाईलच्या व्हायब्रेटर मोटारी चिकटवल्या. ट्रेमध्ये सोडल्या की त्या किड्यांसारख्या धावायच्या, धडकायच्या आणि शेवटी रांग धरायच्या. आम्ही दोघांनी लहान पोरांसारखं नाचायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गवई वहिनींचा फोन. "मॅडम, आमच्या घरी सगळे बोटानं दात घासून राह्यले. एक तरी ब्रश वापस पाठवा."

*

हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. देऊळघाटच्या पूजाने, आमच्या विद्यार्थिनीने, तिच्या वावरात बोलावलं. हजारो पाखरं एका अंगासारखी वळत होती. सर वर बघत पाटात पडले, पण मोबाईलवरचं शूटिंग थांबलं नाही. थवा मोडू नये म्हणून त्यांनी पूजाच्या बाबांना गोफण फिरवू दिली नाही. बाबा बराच वेळ थांबले. मग हळूच म्हणाले, "सर, तुमचं शिकनं होऊ द्या. पण तवरक त्याइचं जेवन होऊन राह्यलं."

*

सरांचा घोळक्यांवरचा प्रोजेक्ट मंजूर करायचा की नाही, हे ठरवायला विद्यापीठातून एक पाहुणे आले. एप्रिलची भर दुपार. सरांनी सगळा वर्ग मैदानाच्या मधोमध उभा केला. बोलायचं नाही, घोळका सोडायचा नाही, फक्त चालायचं. त्यातल्या चारपाच जणांनाच आधी गुपचूप सांगायचं, की कडुनिंबाकडे जा. मोजक्यांना दिशा माहीत असली की अख्खा घोळका वळतो, हे दाखवायचं होतं.

पोरं आधी इकडेतिकडे झाली. मग घोळका हलला, वळला आणि सरळ निंबाखाली गेला! पाहुण्यांनी सरांचा हात हातात घेतला. म्हणाले, मंजूर समजा.

ते गाडीकडे गेल्यावर मी सरांना विचारलं, कोणाकोणाला सांगितलं होतं?

सरांचं हसू थांबलं. "मी? तुमी सांगनार होत्या ना?"

आम्ही दोघांनी निंबाकडे पाहिलं. सावलीत पाण्याची बाटली या हातातून त्या हातात फिरत होती.