रेडिओच्या फ्यूजला लूमची तार

हिराबरोबर मी शेवटचं रोजच्यासारखं काही केलं असेल, तर ते भांडण. जीपच्या रेडिओच्या फ्यूजवरून. त्यानंतर आठ दिवसांनी ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. बायको गेल्याचं कसं लिहायचं ते मला येत नाही, मी चौथी नापास माणूस. फ्यूजचं लिहितो. त्यात गाढव मीच ठरलो, म्हणून ते सगळं नीट आठवतंय.

त्या दिवशी खारबावला तिच्या भाच्याच्या पोरीचं बारसं होतं. भाच्याला सख्खी बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान हिराचा. बाराला पाळणा. ती पंधरा दिवस आधीपासून लुगडं काढून बसलेली.

शेलारहून आम्ही साडेदहाला निघालो. जीप आमच्या लग्नापेक्षा पाचच वर्षांनी लहान. निघालो आणि रेडिओ गप्प.

"फ्यूज उडाला," मी म्हणालो.

"मग सलीमच्या दुकानावर थांबवा. वाटेतच हाय."

"एवढ्याशा फ्यूजला इलेक्ट्रिशियन? चाळीस वर्षं लूम दुरुस्त केलेत मी."

"अवो, हा लूम न्हाय, रेडिओ हाय. आणि रेडिओ न्हाय लागला तर खारबावपर्यंत मला तुमचं ऐकावं लागंल."

आता लूमची, म्हणजे कापडाच्या यंत्रमागाची, रीत सांगतो. कारखान्यात फ्यूज उडाला की आम्ही फ्यूजची बारीक तार कधी टाकलीच नाही. तांब्याची जाड तार टाकायची, परत उडायचं नाव नाही. मोटर जळो, भिंत जळो, शिफ्ट थांबता कामा नये. (एकदा भिंत जळलीसुद्धा. शिफ्ट थांबली नाही.) तशीच एक तार माझ्या पेटीत होती. मेलेल्या काचेच्या फ्यूजला ती चांगली चार वेढे गुंडाळली आणि बसवली. रेडिओ असा ओरडला की मी हिराकडे बघून मिशीवर हात फिरवला.

गोदामांच्या रस्त्याला लागलो तशी ती नाक वर करून हुंगायला लागली.

"कायतरी जळतंय."

"बाहेर कचरा जाळत असतील."

"बाहेरच्या कचऱ्याचा धूर तुमच्या पायातनं कसा येतो?"

खाली बघतो तर खरंच. रेडिओ मेला, आतल्या वायरी एकमेकींना चिकटल्या आणि हॉर्न सुरू झाला. चावी काढली, इंजिन बंद झालं, हॉर्न चालूच. पुढे ट्रेलर अडकलेला. त्याचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "चाचा, उड़ के जाऊँ क्या?"

मी बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली. शांतता झाली. पण आता बॅटरी नाही म्हणजे गाडी चावीने चालू होणार नाही, आणि वायर परत लावली तर परत तो हॉर्न. घड्याळात सव्वाअकरा.

"माझ्या हातून नाव ठेवायचं राहिलं," हिरा म्हणाली, "तर मी तुमच्याशी मरेपर्यंत बोलणार न्हाय."

शेवटी गोदामातले चार हमाल ढकलायला आले. मी हिराला खाली उतरायला सांगितलं.

"मी का उतरू? नवं लुगडं हाय. चूक तुमची हाय."

"चाची को बैठने दो," त्यातला एक म्हणाला. "वज़न तो चाचा की अकड़ का है।"

डिझेलची गाडी ती, धक्क्यावर लागली. पण हॉर्न नाही. मग हिराने कमरेपर्यंत बाहेर वाकून आरोळ्या ठोकल्या, "ओ ट्रेलरवाले, बाजू हो जाव! बारसा है!" मोठमोठे ट्रेलर कडेला झाले. पंचेचाळीस वर्षांत तिच्या आवाजाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला, असं मी म्हणालो. (म्हणायला नको होतं.)

बाराला पाच मिनिटं असताना पोचलो. ती धावत आत गेली. तिचा भाऊ दारात आला.

"दाजी, उतरा की. पाळणा थांबलाय."

"उतरता येत नाही. इंजिन बंद पडलं तर तुझा अख्खा मांडव ढकलायला लागेल."

म्हणून बारसंभर मी दाराशी धडधडणाऱ्या जीपमध्ये बसून होतो. आत ती बाळाच्या कानात नाव सांगत होती आणि माझ्या कानात इंजिन. नंतर ती ताट घेऊन बाहेर आली. चेहरा नुसता फुललेला.

"झालं का वेळेत?" मी विचारलं.

"झालं. घ्या, एका हातानं जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणतो म्हणून निघालो आणि गुपचूप सलीमचं दुकान गाठलं. तोंड उघडायच्या आधीच त्याने काउंटरवर पुडी ठेवली. आत नवा फ्यूज आणि वायरीचा तुकडा.

"काकूंचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाल्या, दुधाचं नाव सांगून येतील, त्यांना सामान द्या, पण काही शिकवायला जाऊ नका, घरी येऊन मला सांगायला त्यांना काहीतरी राहू दे."

मी पुडी खिशात घातली. घरी जाऊन काय फुशारकी मारायची ते सगळं वाटेत जुळवलं. दारात हिरा उभी. मी छाती काढली.

"फ्यूजचं मला आता कळलंय बघ."

"दूध कुठाय?"

मग मी दूध आणायला गेलो.