सूनबाईंच्या यादीतली कोरी ओळ

आमची धाकटी सून इस्पितळाच्या कॉम्प्युटर खात्यात आहे. माणसांशी बोलेल मोजकं, पण यंत्राशी तिच्या गप्पा संपत नाहीत. डेटाबेस म्हणजे नावांचं भलंमोठं कपाट, एवढं तिनं मला शिकवलंय. त्यातलं काय उचलायचं आणि कुठं ठेवायचं, याच्या सूचना ती लिहिते. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. बाकीचे लोक सूचना लिहून मोकळे होतात. आमची सून मधे मधे यंत्राला बोलायला लावते. ‘कपाट उघडलं.’ ‘दोनशे नावं उचलली, अजून दमलो नाही.’ ‘आता मोतीबिंदूवाले घेतो.’ असे निरोप पडद्यावर भराभर उमटत राहतात.

“अगं, हे कशाला?” मी एकदा विचारलं.

“बाबा, न बोलणारा गडी विहिरीत पडला तर कुणाला पत्ता लागणार? बोलत बोलत गेला, तर निदान कुठपर्यंत गेला होता ते तरी कळतं.”

तिच्या साहेबांना मात्र हे रुचायचं नाही. “हा काय गप्पांचा अड्डा आहे?” म्हणत त्यांनी सगळे निरोप काढायला लावले. तिनं काढले. आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या ऑपरेशनची यादी जुन्या कपाटातून नव्यात गेली. जुन्यात माणसं तीनशे बारा, नव्यात तीनशे अकरा. सोमवारी सकाळी आठला जुनं कपाट कायमचं बंद होणार होतं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून सूनबाई बसल्या. साहेब फोनवर.

“एवढ्या मोठ्या यादीत एखादं इकडे तिकडे व्हायचंच,” साहेब म्हणाले.

“साहेब, ते एखादं घरात बसलंय, डोळ्यांत ढग घेऊन. दीड वर्ष नंबर लावून. आता नाव गळलं तर परत रांगेच्या शेपटीला.”

सूनबाईंनी निरोप परत घातले. या वेळी दर माणसामागे एक: नाव, फोन, कितवा नंबर. मग स्क्रिप्ट पुन्हा चालवली, निरोप कागदावर छापले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. ती जुनी नावं वाचणार, मी कागदावर खूण करणार. या वयात मला नोकरी लागली! नातीनं लगेच विचारलं, “आजोबा, पगार किती?” मी म्हटलं, “दर पानाला एक चहा.” तिसऱ्या पानावर पोचेस्तोवर पुढच्या पानांचे चहाही आगाऊ उचलून झाले होते.

आणि चौथ्या पानावर मी थबकलो. “सूनबाई, इथं काहीच नाही. ओळ कोरी आहे.”

“कोरी आहे ना, मग सोडा,” फोनमधून साहेब. “कोरी ओळ म्हणजे काही नाही.”

सूनबाई उठूनच उभ्या राहिल्या. “काही नसतं तर ओळच आली नसती, साहेब! यंत्र बोलायला गेलं आणि शब्द गिळून बसलं.”

मग तिनं मला समजावलं. निरोपातला एक तुकडा जरी यंत्राला माहीत नसला, तरी ते अख्खा निरोप गिळतं. मला आमच्या शाळेतला लंब्या आठवला. कवितेतला एक शब्द अडला की पुढची-मागची सगळी कविता त्याच्या पोटात. गुरुजी छडी आपटून दमायचे, पण त्याच्या तोंडून आपलं नावसुद्धा निघायचं नाही. मी हे रंगवून सांगत होतो, तोवर सुनेनं जुन्या यादीतून त्या ओळीचा माणूस शोधलासुद्धा.

एक शिवणकाम करणारी बाई. वय एकाहत्तर. फोनची जागा मोकळी, कारण तिच्याकडे फोनच नाही. एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून स्क्रिप्ट फोन नंबर ताडून बघायची. मोकळ्या जागेशी ताडायचं काय? यंत्राला धड हो म्हणता येईना, धड नाही. त्यानं बाईच वगळली. सुनेनं सूचना दुरुस्त केली आणि तीनशे बारा भरले.

“निरोप राहू देत स्क्रिप्टमध्ये,” साहेब हळूच म्हणाले. “गप्पा मात्र जरा कमी.”

पण तारखा कळवायच्या फोनवर. हिला कोण कळवणार? सोमवारी दुपारी आम्ही दोघं निघालो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे गुडघे प्रत्येक पायरीला तक्रार नोंदवत होते. दार उघडलं ते गळ्यात टेप अडकवलेल्या, डोळे बारीक केलेल्या बाईनं.

“आजी, शुक्रवारी तुमचं ऑपरेशन,” सून म्हणाली.

“एवढं सांगायला दोघं आलात?” बाईंनी आम्हाला आत ओढलं. “बरं झालं. मघापासून दोरा सुईत जाईना, की सुई दिसेना, तेच कळत नाहीये. शेजारीण कंटाळली माझ्या हाकांना.”

मी पुढं होऊन सुई घेतली. तीनदा हवेलाच दोरा ओवला. बाई हसून म्हणाल्या, “तुम्हीही नंबर लावा हो.”

मग सूनबाई खिडकीशी बसल्या आणि एकेका रंगाचा दोरा ओवून त्यांनी नऊ सुया टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवल्या. शुक्रवारपर्यंत पुरतील एवढ्या.