गफ्फारभाईंनी चित्रावर नाव टाकलं

वाशीमच्या आमच्या बाजारात ज्याच्या घरी लग्न, त्याची पहिली खेप गफ्फारभाईंच्या दुकानात. ताटापासून बादलीपर्यंत सगळ्यावर ते मशीन टर्रर्र चालवून नावं टाकणार. बिननावाचं भांडं त्यांना बघवतच नाही. शेजारी माझी चहाची टपरी आहे, तिच्यातले चमचेसुद्धा त्यांनी सोडले नाहीत.

त्यांची लेक यूसरा शिकून आली आणि तिनं त्याच दुकानात नवं काम काढलं. आधुनिक चित्रांच्या नकला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापायच्या, लोकांनी त्या घरात भिंतीवर लावायच्या. चित्रात ना माणूस, ना झाड, नुसते रंग. "हे कोन घेईन वं?" असं मी बोलून गेलो, तर पोरीनं कितीतरी दिवस माझा चहा बंद केला.

पहिली ऑर्डर आली प्रसेनजितची. नोकरीवाला माणूस, नुकतंच घर बांधलेलं. संध्याकाळी नव्या घरात बुद्धवंदना होती, त्याआधी चित्र भिंतीवर हवं होतं. यूसरानं निळा-तांबडा पत्रा झकास छापला आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर कोपऱ्यात रंग खरवडून चकचकीत अक्षरं: भागिरथाबाई. ही प्रसेनजितची आई. तिच्या सगळ्या भांड्यांवरची नावं गफ्फारभाईंच्याच हातची.

"अब्बा, हे काय करून ठेवलं तुमी? हे भांडं हाय का?" पोर रडकुंडीला आली.

"हात राह्यला नाई," गफ्फारभाई पुटपुटले. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसरं छापायला वेळ नव्हता. तेच घेऊन दोघं निघाले. कार्यक्रमाचा चहा माझ्याकडेच होता, म्हणून मीही गेलो.

प्रसेनजितच्या कपाळावर आठी चढली. "याच्यावर नाव कायले टाकलं? वापस न्या हे."

यूसराची मान खाली गेली. तेवढ्यात भागिरथाबाई पुढे आल्या. रंगांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी आपलं नाव वाचलं.

"ऱ्हाऊ दे बाबू," त्या म्हणाल्या. "माह्या नावाचे भांडे तुमी मोडीत देले. भाईरच्या पाटीवर तुमा नवरा-बायकोचं नाव. आता या घरात माह्यं नाव एवढंच हाय."

हातोडी आणून प्रसेनजितनं स्वतःच खिळा ठोकला.

परतताना यूसरा बापाला म्हणाली, "पुढच्या टायमाले इचारून टाकजा नाव."